लाळेची रॅपिड टेस्ट घ्यावी की नाकाची?

कोविडसाठी लाळेचं किट निवडण्यामागे बहुतेकदा एकच कारण असतं: नाकात काडी घालायची नाही. मूल तोंड फिरवतं, आजीच्या डोळ्यांत पाणी येतं. कारण अगदी खरं आहे. तरीही नाकातून नमुना घेणं शक्य असेल, तर मी नाकाचंच किट घ्या म्हणेन.

'लाळेची टेस्ट' या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि गोंधळ तिथेच होतो. प्रयोगशाळेत लाळेवर पीसीआर केली तर निकाल नाकाच्या पीसीआरच्या बराच जवळ जातो. येल विद्यापीठाच्या अशाच एका पद्धतीला अमेरिकेत ऑगस्ट २०२० मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली होती. पीसीआर विषाणूच्या जराशा अंशाच्याही असंख्य प्रती काढते. दुसरी गोष्ट म्हणजे किटमधली रॅपिड अँटिजेन टेस्ट; तिच्या पट्टीला ती सोय नाही. नमुन्यात विषाणूचं जेवढं प्रथिन (अँटिजेन) आलं, तेवढ्यावरच रेघ उमटणार. नुकतंच पाणी प्यायलं असेल तर लाळ पातळ होते. उलट ती चिकट, फेसाळ असेल तर थेंब पट्टीवर नीट सरकतच नाही. म्हणून किटवर लिहिलेली अर्धा तास काही न खाण्या-पिण्याची वेळ खरंच पाळा.

अँटिजेन टेस्टने शंभर बाधितांपैकी किमान ८० ओळखावेत आणि शंभर निरोगींपैकी किमान ९७ जणांना निगेटिव्ह दाखवावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा आहे. म्हणजे चांगल्या किटकडूनही वीस जण सुटू शकतात. लाळेची अनेक रॅपिड किट्स स्वतंत्र पडताळणीत ८० च्याही बरीच खाली राहिली.

पॉझिटिव्ह आलं तर बहुधा खरं धरा, विशेषतः ताप-खोकला असेल तर. निगेटिव्हवर मात्र लगेच निर्धास्त होऊ नका. ४८ तासांनी पुन्हा करा; लक्षणं नसतील तर आणखी ४८ तासांनी तिसऱ्यांदा. घरात केमोथेरपी चालू असलेलं कुणी असेल, तर थेट पीसीआर करा.

कुणी नाकाला हात लावूच देत नसेल, तर लाळेचं किट काहीच न करण्यापेक्षा बरं. निकाल दिलेल्या वेळेतच, भरपूर उजेडात बघा. 'सी'ची (कंट्रोल, म्हणजे किट नीट चाललं हे दाखवणारी) रेघ आली नाही तर ते किट बाद. 'सी'सोबत 'टी'ची (टेस्टची) रेघ आली, अगदी फिकट का असेना, तर ती पॉझिटिव्हच.