अण्णांचा पेसमेकर, सात महिन्यांनंतर

अण्णांना मिरजेत पेसमेकर बसवून सात महिने झाले, दोन वायरींचा आहे. कंपनीचं नाव टाकत नाही कारण मशीन खरंच चांगलंय. आधी हळदीच्या गाळ्यात उभ्या उभ्या डोळ्यापुढं अंधारी यायची, एकदा पोत्यांवरच पडले, ते सगळं थांबलं.

पण तिसऱ्या महिन्यातली एक रात्र सांगतो. आम्हाला सांगितलेलं की ठोके ६० च्या खाली जाणारच नाहीत, आणि अण्णांनी पाणी मागितलं म्हणून उठलो, सहज बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ठोके ५१, परत लावला तर ५०. रात्री एक वाजता सांगलीहून मिरजेला गाडी काढली, आई मागच्या सीटवर त्यांचा हात धरून रडतेय. तिथं कळलं काही बिघडलेलंच नव्हतं! रात्री १० ते सकाळी ६ ठोके ५० पर्यंत खाली येऊ द्यायचे अशी सेटिंग चालू होती. झोपेत शरीराला तेवढे पुरतात, बॅटरीपण वाचते, मान्य. पण अण्णा साडेचारला उठतात हो, आमराईत फिरायला जायचं असतं, आणि उठलं की त्यांना गरगरायचं ते आम्ही वयावर ढकलत होतो. वेळ पहाटे ४ पर्यंतच केली, त्यानंतर गरगरणं नाही.

म्हणजे सेटिंग चूक नव्हती, आम्हाला माहीतच नव्हती. ही सेटिंग पेसमेकरच्या सॉफ्टवेअरमधे असते, त्याबद्दल विचारलं तर तपासणीला आलेला माणूस म्हणाला, कंपनीनं सॉफ्टवेअर टेस्ट केलेलं असतं, काळजी करू नका. काळजी कशी नको? १९८५ ते ८७ मधे थेरॅक-२५ नावाच्या रेडिएशन मशीनमधे आधीच्या मॉडेलमधले, जास्त डोस अडवणारे हार्डवेअरचे अडसर काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर टाकलेली आणि सहा पेशंटना भयानक जास्त डोस गेला. २०१७ ला अमेरिकेत ऍबट कंपनीच्या जवळपास ४,६५,००० पेसमेकरना नवं सॉफ्टवेअर द्यावं लागलं, बाहेरचं कुणी घुसून सेटिंग बदलू शकेल अशी फट निघाली म्हणून. ऑपरेशन नाही, दवाखान्यात तीन मिनिटांचं काम, पण फट आहे हे लोकांना उघड सांगितलं ना.

आपल्याकडंही १ एप्रिल २०२० पासून असलं सॉफ्टवेअर औषधाच्या कायद्यात येतं. आता दर तपासणीला मी प्रिंट मागून घेतो, कमीत कमी ठोके, रात्रीची वेळ, बॅटरी, सॉफ्टवेअरचं व्हर्जन, आणि मागच्या प्रिंटशेजारी ठेवून काय बदललं ते तिथंच विचारतो. मागितली की देतात, आपणहून कुणी दिली नाही. फाईल अण्णांच्या उशाशी असते, आईलापण वाचायला शिकवलंय.