फेडर नसलेला मिक्सर : एक्सआर १८ आणि एक्स एअर एडिट, तीन वर्षांच्या वापरानंतर

सांगलीतल्या आमच्या हौशी नाट्यसंस्थेकडे सोळा चॅनेलचा एक जुना ॲनालॉग मिक्सर होता आणि तो कायम विंगेत ठेवावा लागे, कारण प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचेल इतकी लांब मल्टिकोर केबल (अनेक माइकांच्या तारा एकत्र असलेली जाड केबल) आमच्याकडे नव्हती आणि भाड्याने आणली तरी ती रांगांमधून अंथरणे बहुतेक ठिकाणी अवघडच असे. विंगेत बसून मी बारा वर्षे नाटकांचा आवाज सांभाळला. पण तो आवाज प्रेक्षकाच्या कानावर नेमका कसा पडतो आहे हे मध्यंतरात कुणीतरी आत येऊन सांगेपर्यंत मला कळत नसे. तीन वर्षांपूर्वी सभासदांच्या वर्गणीतून आम्ही बेहरिंगर कंपनीचा एक्सआर १८ हा डिजिटल मिक्सर घेतला आणि तेव्हापासून मी लॅपटॉप घेऊन प्रेक्षागृहात, शेवटून तिसऱ्या रांगेत बसतो. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात पहिला नाट्यप्रयोग केला, त्या गावचा प्रेक्षक संवाद ऐकू आले नाहीत तर दुसऱ्या दिवशी रस्त्यात थांबवून तसे सांगतो. त्यामुळे बसण्याच्या जागेतला हा बदल आमच्यासाठी लहान नव्हता.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक्सआर १८ ही रंगमंचाच्या कडेला ठेवायची एक पेटी आहे. तिच्यात मायक्रोफोनसाठी मिडास कंपनीच्या रचनेचे सोळा प्रीॲम्प (माइकचा क्षीण संकेत वाढवणारे भाग) आहेत, शिवाय दोन लाइन इनपुट, मॉनिटर वगैरेंसाठी सहा ऑक्स आउटपुट आणि मुख्य डावे-उजवे आउटपुट आहे. मात्र तिच्यावर एकही फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करण्याची सरकती कळ, नाही. सारे काम संगणकावरच्या एक्स एअर एडिट या सॉफ्टवेअरमधून किंवा टॅब्लेटवरच्या ॲपमधून करावे लागते. सॉफ्टवेअर मोफत आहे आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. आमच्याकडचा लॅपटॉप साधा, चार जीबी रॅमचा आहे आणि त्याच्यावर ते कधी अडखळलेले नाही. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आवाज लॅपटॉपमधून जातच नाही. गेन, इक्वलायझर, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब ही सगळी प्रक्रिया पेटीच्या आत होते आणि लॅपटॉप फक्त ‘चौथ्या चॅनेलचा फेडर इथे आण’ अशा छोट्या आज्ञा नेटवर्कवरून पाठवतो. प्रयोग चालू असताना लॅपटॉप बंद पडला तरी आवाज शेवटच्या मांडणीनुसार तसाच चालू राहतो. नव्याने घेणाऱ्या मंडळींच्या मनात पहिली भीती हीच असते, म्हणून हे आधी सांगितले.

आता नेटवर्कविषयी, कारण या यंत्राचा अनुभव चांगला की वाईट हे निम्म्याहून अधिक तिथेच ठरते. पेटीवर तीन पर्यायांची एक कळ आहे: केबलने जोडायचे, आपल्या राऊटरच्या वायफायला पेटी जोडायची, किंवा पेटीनेच स्वतःचे वायफाय सुरू करायचे. तिसरा पर्याय सर्वांत सोपा दिसतो आणि तालमीच्या खोलीत तो उत्तम चालतोही. परंतु पेटीतले वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचे आहे आणि प्रेक्षागृहात चारपाचशे माणसे येऊन बसली की त्यांच्या खिशातले फोन, आसपासच्या इमारतींमधले राऊटर आणि ब्लूटूथची साधने हीच लहरपट्टी वापरत असतात. त्यातून माणसांची शरीरेही या लहरी शोषून घेतात. रिकाम्या सभागृहात दुपारी तासभर निर्धोक चाललेली जोडणी रात्री तिसरी घंटा होताच डळमळू लागते, ती या कारणाने. पडद्यावरचे मीटर आधी झटके देत हलतात, मग थिजतात, आणि आपण फेडर वर नेला की नाही याची खात्री उरत नाही. माझ्या मते, ज्या कार्यक्रमाला तिकीट आहे किंवा स्पर्धेचे परीक्षक बसले आहेत, तिथे पेटीच्या अंगच्या वायफायवर विसंबू नये.

आम्ही आता लॅपटॉप आणि पेटी यांच्यामध्ये कॅट ६ ची केबल टाकतो. साध्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर आहे; आमच्याकडची ६० मीटरची केबल भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून मागे नेली की कुणाच्या पायात येत नाही, आणि जुन्या मल्टिकोरच्या मानाने तिचे ओझे काहीच नाही. मध्ये एक ५ गिगाहर्ट्झचा राऊटर ठेवला आहे, त्यामुळे केबलवरचा लॅपटॉप आणि हवेतला टॅब्लेट दोन्ही एकाच वेळी जोडलेले राहतात. प्रयोगापूर्वी टॅब्लेट घेऊन मी पहिल्या रांगेपासून बाल्कनीपर्यंत फिरतो, प्रयोगात मात्र केबल सोडत नाही. टॅब्लेट वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या राऊटरवर इंटरनेट नसते आणि इंटरनेट नाही असे दिसताच पुष्कळ अँड्रॉइड साधने ती जोडणी आपल्या मनाने सोडून मोबाइल डेटाकडे वळतात. डेटा बंद करावा आणि सभागृहातले दुसरे ओळखीचे वायफाय ‘विसरायला’ लावावे. राऊटर आणि पेटी दोन्ही यूपीएसवर असावीत हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको. लॅपटॉपची झोपी जाण्याची सोयही बंद करून ठेवावी.

ही शेवटची सूचना मी एका फार वाईट संध्याकाळनंतर शिकलो आणि त्या संध्याकाळची चूक पूर्णपणे माझी होती. दोन अंकी नाटकाच्या मध्यंतरात लॅपटॉप मी चार्जरला लावायला विसरलो आणि तो बंद झाला. आवाज चालूच होता, कारण वर सांगितल्याप्रमाणे सर्व मांडणी पेटीत होती. लॅपटॉप पुन्हा सुरू करून मी सॉफ्टवेअर उघडले आणि जोडणीच्या वेळी ते नेहमी जो प्रश्न विचारते तो समोर आला: मिक्सरवरची मांडणी संगणकावर घ्यायची, की संगणकावरची मिक्सरवर पाठवायची? घाईत मी दुसरा पर्याय दाबला. नुकत्याच उघडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये कोरी मांडणी होती, ती एका क्षणात पेटीवर जाऊन बसली आणि सारे फेडर तळाला गेले. दुसऱ्या अंकाची पहिली चार वाक्ये प्रेक्षकांना नुसत्या गळ्याने ऐकावी लागली. सुदैवाने रंगीत तालमीनंतर मी पेटीतल्याच स्नॅपशॉटमध्ये मांडणी साठवून ठेवली होती (पेटीत असे ६४ स्नॅपशॉट राहतात), तो उघडताच सर्व पूर्ववत झाले. आता आमच्या लॅपटॉपच्या झाकणावर आतून एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: ‘प्रयोग चालू असताना, आधी मिक्सर, मग संगणक.’

वास्तविक हाच प्रश्न या सॉफ्टवेअरची मोठी सोयही आहे. मिक्सर जवळ नसताना घरी बसून चॅनेलांना नावे देणे, कोणता माइक कुठे हे ठरवणे, प्रत्येक प्रवेशाची मांडणी तयार करून फाइल जपून ठेवणे हे सर्व करता येते आणि सभागृहात पोचल्यावर ते संगणकावरून मिक्सरवर पाठवायचे असते. राज्य नाट्य स्पर्धेसारख्या ठिकाणी रंगमंच हाती येतो तेव्हा नेपथ्य, प्रकाश आणि आवाज तिघांनाही तो एकाच वेळी हवा असतो. अशा वेळी घरून आणलेली फाइल माझा पाऊण तास वाचवते. स्नॅपशॉट उघडताना कोणत्या चॅनेलवरचे काय बदलावे आणि काय जसेच्या तसे राहावे हेही ठरवता येते. ते ठरवून ठेवले नाही तर प्रवेश बदलताना आपण मधल्या काळात हाताने केलेली सुधारणा पुसली जाते.

या पद्धतीत जे गमावले त्याविषयी आता मोकळेपणाने लिहितो. ॲनालॉग मिक्सरवर दोन हातांची दहा बोटे होती. एका पात्राचा कॉलर माइक खाली नेत असतानाच दुसऱ्याचा वर आणायचा आणि अंगठ्याने पार्श्वसंगीत दाबून धरायचे, हे काम हात विचार न करता करीत असत. संगणकावर पॉइंटर एकच. तो एका फेडरवर न्यायचा, ओढायचा, सोडायचा आणि मग दुसऱ्याकडे जायचे. तोपर्यंत संवादाचा पहिला शब्द गेलेला असतो. यावर सॉफ्टवेअरने दिलेला उपाय म्हणजे चॅनेलांचे गट. चार डीसीए गट (एका फेडरने अनेक चॅनेलांचा आवाज एकत्र कमी-जास्त करणारे) आणि चार म्यूट गट (अनेक चॅनेल एकदम बंद करणारे) मिळतात. आम्ही एका डीसीएवर सर्व फूट माइक (रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवलेले), दुसऱ्यावर कॉलर माइक, तिसऱ्यावर पार्श्वसंगीत ठेवतो आणि प्रयोगभर शक्यतो या तीन फेडरांपलीकडे जात नाही. शब्दाशब्दाला माइक उघडझाप करण्याची सवय मोडायला मला पाचसहा प्रयोग लागले.

फूट माइकच्या बाबतीत मात्र यंत्राने मला चकित केले. एक्सआर १८ मध्ये स्वयंचलित मिश्रणाची सोय आहे. तिचे तत्त्व असे, की गटातले सर्व माइक मिळून एकूण गेन ठरावीक ठेवायचा आणि ज्या माइकसमोर कुणी बोलत आहे त्याला त्यातला मोठा वाटा द्यायचा. पाच फूट माइक एकदम उघडे ठेवले की पाचही ठिकाणांहून पावलांचे धपधप आवाज आणि सभागृहाची घुमी आत येते व शिट्टी बसण्याचा धोका वाढतो; ही सोय चालू केल्यावर पात्र जिथे उभे आहे तिथलाच माइक पुढे येतो. नटाने रंगमंच ओलांडताना पूर्वी त्याचा आवाज मध्येच खड्ड्यात पडल्यासारखा व्हायचा, ते जवळपास थांबले आहे. पार्श्वसंगीत मात्र या गटात चुकूनही घेऊ नये, नाहीतर संगीत वाजू लागताच ते नटांचा वाटा खाते.

नाटकाखेरीज मिरजेतल्या काही लहान गाण्याच्या बैठकींसाठीही आम्ही ही पेटी नेली आहे आणि सॉफ्टवेअरच्या पडद्याचा खरा उपयोग मला तिथे कळला. ज्या गावच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या गावात तंबोऱ्याचा आवाज नासला तर श्रोते तो खपवून घेत नाहीत. गायिकेला मॉनिटरमध्ये, म्हणजे तिच्यासमोरच्या स्पीकरमध्ये, तंबोरा जरा जास्त हवा होता आणि भोपळ्याजवळचा माइक तो वाढवताच घुमू लागे. इक्वलायझरच्या पडद्यावर मागे आवाजाचा १०० पट्ट्यांचा आलेख हलत असतो. घुमू लागताच २५० हर्ट्झच्या आसपासची पट्टी इतरांच्या वर निघालेली स्पष्ट दिसली. मॉनिटरच्या बसवर (त्या स्पीकरकडे जाणाऱ्या वेगळ्या मिश्रणावर) ३१ पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर लावून तेवढीच पट्टी चार डेसिबलने खाली घेतली आणि तंबोरा जसा समोर बसून ऐकावा तसा ऐकू येऊ लागला. कानाने हे सापडले असतेच, पण गायन चालू असताना शोधाशोध करावी लागली असती. याच ठिकाणी एक सावधगिरी: मॉनिटरच्या बसचे फेडर पाहत असताना आपण मुख्य आवाजाचे फेडर पाहत आहोत असा समज होणे फार सोपे आहे, कारण दोन्ही पडदे जवळजवळ सारखे दिसतात. हात लावण्यापूर्वी कोणती बस निवडलेली आहे हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

रिव्हर्ब वगैरे परिणामांसाठी चार जागा आहेत आणि त्या नाटकाला व बैठकीला पुरतात. यूएसबीने जोडल्यास अठरा चॅनेल स्वतंत्रपणे संगणकावर मुद्रित करता येतात; एका बैठकीचे मुद्रण आम्ही तसे केले आणि ते स्वच्छ आले.

ज्यांच्याकडे रोजचे व्यावसायिक काम आहे, लग्नसमारंभ, ऑर्केस्ट्रा, मोठी व्यासपीठे, त्यांनी याच कंपनीचा एक्स ३२ पाहावा. त्याच्यावर ३२ प्रीॲम्प आहेत, मोटारवर हलणारे खरे फेडर आहेत आणि त्याचे संगणकावरचे सॉफ्टवेअरही मोफत मिळते. म्हणजे बोटेही राहतात आणि सभागृहात फिरण्याची सोयही. आमच्यासारख्या, वर्षाला पंधरावीस प्रयोग करणाऱ्या आणि रिक्षातून सामान नेणाऱ्या संस्थेला एक्सआर १८ अधिक योग्य आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटी दोन अडचणी सांगायच्या राहिल्या. पेटीवर नेटवर्कच्या केबलसारखी दोन छिद्रे आहेत, त्यांतले एक वैयक्तिक मॉनिटरच्या यंत्रणेसाठी आहे. केबल त्यात खोचली तर सॉफ्टवेअरला मिक्सर सापडतच नाही आणि अंधाऱ्या विंगेत ही गफलत सहज होते. आम्ही त्या छिद्रावर रंगीत चिकटपट्टी लावली आहे. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे आणि तिच्यावर मला पूर्ण उतारा सापडलेला नाही. हेडफोनची जागा पेटीवरच आहे आणि नेटवर्कच्या केबलमधून आवाज येत नाही, फक्त आज्ञा जातात. त्यामुळे मागे बसलेल्या माणसाला एखादाच माइक वेगळा करून ऐकता येत नाही. कॉलर माइक पदरावर घासतो आहे की बॅटरी उतरली आहे हे मीटरवरून कळत नाही. म्हणून प्रत्येक अंकाच्या आधी आमचा एक सहकारी विंगेत पेटीला हेडफोन लावून उभा राहतो, मी मागून एकेक चॅनेल सोलोवर टाकतो आणि तो ऐकून मला फोनवर फक्त दोन शब्दांपैकी एक सांगतो: ‘स्वच्छ’ किंवा ‘थांब’.