मिनीव्हॅनमागे होडी, सात महिने: इंजिनाची काळजी सोडा, पांढरी वायर बघा

ऑगस्टमध्ये मिशिगनमधल्या हिगिन्स लेकला निघालो होतो. आय-75 महामार्गावर एक ट्रकवाला शेजारून जाताना हॉर्न वाजवत सारखा मागे बोट दाखवत होता. रस्त्याच्या कडेला थांबून पाहिलं तर ट्रेलरचे दोन्ही दिवे बंद. ब्रेक दाबला तरी काही नाही. व्हॅनचे स्वतःचे दिवे होडी आणि मोटरच्या आड अर्धे झाकलेले. म्हणजे गाडीत दोन मुलं घेऊन मी ताशी 65 मैलांच्या वेगाने चाललोय आणि ब्रेक मारला तर मागच्याला धड कळणारही नाही. तेव्हाच ठरवलं होतं की यावर सविस्तर लिहायचं. आता होडी हिवाळ्यासाठी गॅरेजात गेली आहे, हाताशी वेळ आहे.

व्हॅन कुठली ते सांगत नाही, कारण ओढण्याच्या बाबतीत फार फरक नाही. सिएन्ना, ओडिसी 3500 पौंडांपर्यंत ओढतात, पॅसिफिका 3600. (पॅसिफिकाची प्लग-इन हायब्रिड मात्र कंपनीने ओढण्यासाठी दिलेलीच नाही, जुनी घेताना हे बघा.) आमची होडी 14 फुटी ॲल्युमिनियमची, मागे 20 हॉर्सपॉवरची मोटर. ट्रेलर, बॅटरी, पेट्रोल सगळं धरून 900 पौंडांच्या आत. एवढ्या वजनाला व्हॅन दमत नाही. नोव्हायहून केन्सिंग्टन मेट्रोपार्कला जाताना मागे काही आहे हे कळतही नाही. लांबच्या प्रवासात पेट्रोल जास्त लागतं, तेवढं गृहीत धरा.

वजनाचं खरं गणित व्हॅनच्या आत आहे. ट्रेलरचा जो भार हिचवर (व्हॅनच्या मागच्या, ट्रेलर जोडायच्या लोखंडी जोडावर) खाली दाबतो, तो व्हॅनच्या एकूण वजन-क्षमतेतून वजा होतो. आमचा 85 पौंड भरतो, घरातल्या वजनकाट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून मोजला. चौघं असलो तर काही प्रश्न नाही. मित्राचं कुटुंब, दोन कूलर आणि तंबूही भरायचा असेल तर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा आणि बेरीज करा. आम्ही जूनमध्ये केली आणि मित्राला त्याची गाडी आणायला सांगितली.

आता दिव्यांकडे येतो, कारण माझा उन्हाळा त्यातच गेला.

हिच आणि वायरिंग एप्रिलमध्ये एका वर्कशॉपमधून बसवून घेतलं. आमच्या व्हॅनला ब्रेकचा आणि वळणाचा दिवा वेगवेगळा आहे, ट्रेलरला मात्र दोन्ही कामं एकच दिवा करतो. म्हणून मध्ये एक कन्व्हर्टर लागतो. तिथून चार तारांचा चपटा प्लग बाहेर येतो: तपकिरी रात्रीच्या दिव्यांना, पिवळी डाव्या बाजूला, हिरवी उजव्या बाजूला आणि पांढरी अर्थिंगला. मे महिन्यात सगळं नीट चाललं. जूनमध्ये खड्ड्यावरून गेलं की आरशात दिवे लुकलुकताना दिसायला लागले. जुलैअखेर कधी डावा गेला, कधी दोन्ही. मी आधी व्हॅनला दोष दिला, मग कन्व्हर्टरला. भेटेल त्याला सांगत होतो की ओढायचं असेल तर सरळ पिकअप घ्या, व्हॅनच्या इलेक्ट्रिकलवर विश्वास ठेवू नका.

आय-75 च्या प्रकारानंतर वर्कशॉपला परत गेलो. त्यांनी गाडी आवारात उभी करून दिवे लावले, दिवे लागले. तरी तपासणीचे 140 डॉलर घेतले आणि कन्व्हर्टर बदलायचे आणखी 220 सांगितले. जो कन्व्हर्टर त्यांनीच चार महिन्यांपूर्वी बसवला तो खराब झाला म्हणतात, आणि त्याचे पैसे मी पुन्हा द्यायचे! मी नाही म्हटलं आणि घरी आलो.

दोष सापडला तो त्याच संध्याकाळी. होडी ड्राइव्हवेवर सोडवत होतो. दिवे चालू होते, प्लग काढायचा राहिला होता. जॅकचं हँडल फिरवून ट्रेलरचा कपलर (पुढची खोबण) हिचवरच्या लोखंडी बॉलवरून उचलला आणि मागे उभी असलेली मुलगी ओरडली, "बाबा, लाइट गेले!" पुन्हा खाली टेकवला. "आले!" पाच-सहा वेळा केलं, दर वेळी तेच. प्लग तर जोडलेलाच होता. म्हणजे दिव्यांचं अर्थिंग पांढऱ्या वायरमधून होतच नव्हतं. करंट कपलर, बॉल आणि हिच असा लोखंडातून परतत होता. बॉलवर भार असला, गाडी उभी असली की संपर्क चांगला. खड्डा आला की तुटतो. त्यात जुलैमध्ये कुरकुर नको म्हणून मी बॉलला भरपूर ग्रीस फासलं होतं, त्याने उरलासुरला संपर्कही गेला.

पांढरी वायर ट्रेलरच्या दांड्याला जिथे स्क्रूने बसवली होती तिथे मी हाताने धरली तर स्क्रूचं डोकं तुटून बोटावर आलं. आत नुसती तांबडी भुकटी. रंग खरवडून चकचकीत धातू काढला, नवीन रिंग टर्मिनल, दातेरी वॉशर, स्टेनलेसचा स्क्रू, वरून डायइलेक्ट्रिक ग्रीस. खर्च सहा डॉलरच्या आत. त्यानंतर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एकदाही दिवा लुकलुकला नाही.

त्यामुळे व्हॅनबद्दल आणि कन्व्हर्टरबद्दल जे बोललो ते सगळं मागे घेतो. ज्या दोघांना पिकअप घ्या म्हणून सांगितलं होतं, त्यांना फोन करूनही सांगितलं. वर्कशॉपवरचा राग मात्र कायम आहे. ट्रेलरची वायर जुनी होती, त्यात त्यांचा दोष नाही. पण 140 डॉलर घेऊन बॉलवरून कपलर उचलून बघायला एक मिनिट लागतं, तेवढंही केलं नाही. पैसे परत मागितले तर पुढच्या कामावर 20 टक्के सूट देऊ म्हणाले. मला सूट नको होती.

बाकीचं थोडक्यात. रिव्हर्स कॅमेऱ्याने संसार सुखाचा केला. एकट्याने बॉल बरोबर कपलरखाली येतो. पार्किंगचे सेन्सर ट्रेलरलाच अडथळा समजून ओरडतात, ते बंद करा. ट्रेलरचा जॅक उंच असेल तर मागचं दार उघडताना त्यावर आपटतं, म्हणून जेवणाचे डबे सरकत्या दाराजवळ ठेवा. कपलरवर आकडा कोरलेला असतो, तो वाचूनच बॉल घ्या. दोन इंची कपलर 1⅞ इंची बॉलवर बसल्यासारखा वाटतो आणि धक्का बसला की सुटतो. होडी पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर पुढच्या चाकांवर चालणारी व्हॅन शेवाळावर घसरते. आमची एकदाच घसरली. तेव्हापासून व्हॅनची मागची चाकं ओल्याच्या अलीकडेच थांबवतो आणि वर येताना ॲक्सिलरेटर अगदी हळू.

लांबून आल्यावर होडी लगेच पाण्यात ढकलू नका. चाकाचा हब गरम असतो, गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढते. त्यानेच बेअरिंग गंजतात. आम्ही हबला हात लावून बघतो, कोमट असेल तर थर्मासमधला चहा होईपर्यंत थांबतो. आणि मिशिगनमध्ये रस्त्यावर निघण्याआधी होडीचे ड्रेन प्लग काढून पाणी सोडणं 2019 पासून कायद्याने बंधनकारक आहे. ते रॅम्पवरून वर आल्या आल्या करा, नंतर विसरायला होतं.

आता निघण्याआधीची आमची पद्धत अशी: प्लग जोडायचा, कपलर बॉलपासून अर्धा इंच वर ठेवायचा, मग दिवे तपासायचे. मुलगी मागे उभी राहून "डावा, उजवा, ब्रेक" असं मोठ्याने सांगते. तिन्ही आले की मगच कपलर खाली. एप्रिलमध्ये दांड्यावरचा तो एकच स्क्रू पुरे करणार नाही, प्रत्येक दिव्यापर्यंत स्वतंत्र पांढरी वायर ओढणार आहे. 25 फुटांचं भेंडोळं आणून ठेवलंय, 11 डॉलरला.