मूडल: सॉफ्टवेअर दमदार, पण मदत कक्षाशिवाय अर्धवट

मूडलला परवान्याचे पैसे पडत नाहीत, म्हणून अनेक विद्यापीठं ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी डोळे झाकून तेच घेतात. निवड चुकीची नाही. मार्टिन डूगियामस यांनी ऑस्ट्रेलियात घडवलेल्या या मुक्त सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती २००२ साली आली. आज त्यात परीक्षा, असाइनमेंट, चर्चा, गुणनोंद असं सगळं मिळतं. अडचण एकच. यातली जवळपास प्रत्येक गोष्ट सेटिंगवर चालते, आणि सेटिंगं मुळात जशी येतात तशीच ठेवली की ऐन परीक्षेत घोळ होतो.

मूडलची खरी ताकद क्विझमध्ये आहे. प्रश्नपेढीत प्रकरणवार प्रश्न भरून ठेवायचे आणि क्विझला सांगायचं, ‘या प्रकरणातले कुठलेही ५ घे’. प्रत्येकाला वेगळा संच मिळतो. ‘कॅल्क्युलेटेड’ प्रकारात उदाहरणातले आकडेही बदलत राहतात. संख्यात्मक उत्तराला टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालेल ती मर्यादा, द्यायला मात्र विसरू नये: अपेक्षित उत्तर ९.८१ आणि टॉलरन्स शून्य असेल, तर ९.८ लिहिणाऱ्याला भोपळा. बीजगणित तपासायचं असेल तर ‘स्टॅक’ हे प्लगइन (मूडलला वरून जोडायचा भाग) बसवून घ्यावं. कंसाचा वर्ग आणि त्याचा विस्तार एकच आहे, हे त्याला कळतं.

सगळ्यात जास्त पाणी मुरतं ते ‘रिव्ह्यू ऑप्शन्स’मध्ये, म्हणजे विद्यार्थ्याला गुण, उत्तरं वगैरे कधी दिसावं हे ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये. तिथे चार रकाने असतात: पेपर सोडवताना, सबमिट केल्यावरची पहिली दोन मिनिटं, त्यानंतर क्विझ उघडी असेपर्यंत, आणि क्विझ बंद झाल्यावर. ‘राइट आन्सर’ची खूण मधल्या दोन रकान्यांत राहिली, की लवकर पेपर देणारा विद्यार्थी बरोबर उत्तरांचे स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतो आणि उरलेल्यांची परीक्षा तिथेच संपते. गुणांसाठी घेतलेल्या क्विझमध्ये ही खूण फक्त शेवटच्या रकान्यात हवी. बाकी क्विझ भरवशाची आहे. उत्तरं अधूनमधून आपोआप सेव्ह होतात, नेट गेलं तर तोच पेपर पुन्हा उघडता येतो. घड्याळ मात्र थांबत नाही. ज्यांना जादा वेळेची सवलत आहे, त्यांच्यासाठी ‘यूजर ओव्हरराइड’ आधीच लावून ठेवावा, परीक्षा सुरू झाल्यावर धावाधाव नको.

गुणनोंदीचं पान म्हणजे ग्रेडबुक, आणि हा मूडलचा सगळ्यात किचकट भाग. समजा, प्रत्येकी २५ गुणांच्या चार असाइनमेंट आहेत. एका विद्यार्थ्याने एकच दिली, त्यात २३ मिळाले. ग्रेडबुक त्याच्यापुढे ९२ टक्के दाखवतं! कारण ‘एक्स्क्लूड एम्प्टी ग्रेड्स’ ही खूण मुळातच लावलेली असते. न दिलेल्या असाइनमेंट हिशेबात धरल्याच जात नाहीत. सत्र चालू असताना ते ठीक, कारण अजून न झालेल्या कामाचा शून्य कुणी का खावा? पण निकालाआधी खूण काढली, तर तोच विद्यार्थी थेट २३ टक्क्यांवर येतो. दोनपैकी काहीतरी करावंच लागतं: खूण काढा, नाहीतर न दिलेल्या कामाला हाताने शून्य भरा. आणि विद्यार्थ्यांना हे सत्राच्या सुरुवातीलाच सांगून टाका.

असाइनमेंटमध्ये दोन तारखांची गल्लत होते. ‘ड्यू डेट’ उलटली तरी फाइल घेतली जाते, फक्त उशिराचा शिक्का बसतो. दार बंद होतं ते ‘कट-ऑफ डेट’ला, ती भरलीच नाही तर दार कायम उघडं. ‘सबमिट बटण दाबणं आवश्यक’ हा पर्याय चालू केला, तर काही फाइली ड्राफ्टमध्येच पडून राहतात आणि विद्यार्थी समजतो, पाठवली. गरज नसेल तर तो बंद ठेवावा.

व्हिडिओ मूडलवर थेट चढवू नयेत. सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही फुगतात. ते वेगळ्या व्हिडिओ सेवेवर ठेवून इथे नुसती लिंक द्यावी. फोरममध्ये पोस्ट टाकल्यावर ईमेल लगेच जात नाही, कारण ती सुधारायला मुळात ३० मिनिटं दिलेली असतात. ईमेल अजिबातच जात नसेल, तर सर्व्हरवरचा क्रॉन, म्हणजे ठरलेली कामं वेळोवेळी आपोआप चालवणारी सोय, तपासायला सांगा. तो दर मिनिटाला चालायला हवा.

हे सगळं प्राध्यापकाने एकट्याने शोधून काढावं, अशी अपेक्षा ठेवणं चूक आहे. म्हणून विद्यापीठाची ऑनलाइन व्यवस्था जोखताना मूडलची आवृत्ती नंतर विचारावी, आधी मदत कक्षाबद्दल विचारावं. हात बसवायला रिकामा कोर्स मिळतो का? सेटिंगं लावलेला तयार साचा आहे का? चाचणीसाठी वेगळं विद्यार्थी खातं देतात का? ‘स्विच रोल’ने विद्यार्थ्याचं पान वरवर दिसतं, पण क्विझ देणं आणि असाइनमेंट सबमिट करणं यांची खरी तपासणी त्यावर होत नाही. परीक्षेच्या वेळेत फोन उचलणारं कुणी नसेल, तर एकदाच घेतलेल्या दिवसभराच्या प्रशिक्षणाचा उपयोग शून्य.

नवीन सत्रासाठी जुना कोर्स आणताना बॅकअपमधून विद्यार्थ्यांची माहिती वगळावी आणि रिस्टोअर करताना कोर्सची नवी सुरुवातीची तारीख द्यावी. क्विझ-असाइनमेंटच्या तारखा तेवढ्याच दिवसांनी पुढे सरकतात. वर्णनात हाताने टाइप केलेल्या तारखा मात्र जुन्याच राहतात. त्या एकेक करून बदलाव्या लागतात.