पट्टा विकण्याआधी पुली तपासायला लावणारे जळगावचे दुकान

जळगावला अजिंठा चौफुलीच्या बाजूला असलेल्या या सुट्या भागांच्या दुकानातून मी गेल्या उन्हाळ्यात गाडीच्या इंजिनाचा पट्टा आणि एक आयडलर पुली, म्हणजे पट्ट्याला वाट देणारे मोकळे फिरणारे चाक, घेतली. पाचपैकी चार तारे देत आहे, आणि ते मुख्यतः काउंटरवरच्या काकांनी माझा पट्टा ज्या बारकाईने पाहिला त्यासाठी आहेत.

माझी गाडी अकरा वर्षांची, डिझेलवर चालणारी. गॅरेजमध्ये ज्याला सरसकट फॅन बेल्ट म्हणतात, तो आता बहुतेक मोटारींत पंखा फिरवतच नाही. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि काही इंजिनांत पाण्याचा पंपही त्या एकाच पट्ट्यावर चालतो. एप्रिलच्या अखेरीस सकाळी गाडी सुरू केली की चिमणीसारखी चिवचिव ऐकू येऊ लागली. एरंडोलहून निघून पाळधीपर्यंत पोहोचावे तो ती थांबलेली असे, म्हणून मी आधी दुर्लक्ष केले. पुढे एका गॅरेजवाल्याने पट्ट्यावर चिकट फवारा मारून दिला. दोन दिवस शांततेत गेले, तिसऱ्या दिवशी आवाज परत आला, शिवाय रस्त्याची धूळ त्या चिकट थरावर बसून पट्ट्याच्या खाचा काळ्या लगद्याने भरून गेल्या. रिबच्या, म्हणजे आतल्या बाजूला लांबीभर उंचवट्यांच्या रेघा असलेल्या, पट्ट्यावर असा फवारा मारूच नये, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मग मी पुलींच्या खाचा घासून स्वच्छ केल्या, घरीच नवा पट्टा बसवला, आणि तीन आठवड्यांत पुन्हा तीच चिवचिव सुरू झाली.

तो पट्टा काढून पिशवीत घातला आणि एसटीने जळगाव गाठले. यापेक्षा चांगला पट्टा द्या, एवढीच माझी मागणी होती. काकांनी पट्टा उलटा करून उजेडाकडे धरला आणि कडेवरून अंगठा फिरवत मला दाखवले की सहा रिबांपैकी एका टोकाची रिब झिजून अरुंद झाली आहे, त्याच कडेचे दोन दोरे सुटून लोंबत आहेत, आणि दुसरी कड मात्र कोरी आहे. “भाऊ, पट्ट्यात खोट नाही. कुठली तरी पुली तिरपी चालते आहे. ती सापडल्याशिवाय मी दिलेला पट्टाही असाच खाल्ला जाईल,” असे म्हणून त्यांनी काही न विकता मला परत पाठवले. त्या दिवशी हेलपाटा पडल्याचे वाईट वाटले, पण आज त्याच गोष्टीसाठी हे लिहावेसे वाटते.

जाताना त्यांनी दोन तपासण्या सांगितल्या. पहिली पाण्याची. इंजिन चालू असताना, बाही आणि गळ्यातला रुमाल पट्ट्यापासून दूर ठेवून, रिबांच्या बाजूवर थोडे पाणी उडवायचे. आवाज क्षणभर जाऊन परत आला तर पुली एका रेषेत नाहीत असे समजावे. उलट तो वाढला तर पट्टा घसरतो आहे, म्हणजे ताण कमी आहे. माझ्याकडे आवाज गेला आणि काही सेकंदांत परत आला. दुसरी तपासणी गाडी थंड असताना, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून आणि पट्टा उतरवून करायची. एकेक पुली हाताने फिरवत गेलो. अल्टरनेटरची गुळगुळीत फिरली, पट्टा ताणून धरणारा टेन्शनर दाबला तसा सावकाश परत आला, पण आयडलर फिरवताच बेअरिंगमध्ये वाळू असल्यासारखी घरघर बोटांना जाणवली, आणि कडेला धरून हलवल्यावर ती स्पष्टपणे डुलली.

दुसऱ्या दिवशी आयडलर व पट्टा दोन्ही घेतले. पट्ट्यावरचा क्रमांक कसा वाचायचा हेही काकांनी तेव्हाच समजावले: ६पीके१७५० असे छापलेले असेल तर रिब सहा, पीके हा रिबांचा प्रकार, आणि १७५० ही मिलिमीटरमधली लांबी. रिबांमधले अंतर ३.५६ मिलिमीटर असल्याने सहा रिबांचा पट्टा साधारण २१ मिलिमीटर रुंद भरतो. जुने निओप्रीन रबराचे पट्टे तडे जाऊन आपले वय सांगत. आताचे ईपीडीएम नावाच्या रबराचे पट्टे तडे न जाता टायरसारखे झिजत जातात, त्यामुळे तडा दिसत नाही म्हणून पट्टा ठीक आहे असे धरून चालू नये, हे त्यांनी दोनदा बजावले.

बसवायला मला तासभर लागला. पट्टा कुठून कसा जातो याचे चित्र आधीच कागदावर काढून ठेवले होते, त्याचा उपयोग झाला. प्रत्येक रिब आपल्या खाचेत बसली आहे ना हे टॉर्चच्या उजेडात पाहिले, इंजिन त्याच्या फिरण्याच्या दिशेने पान्ह्याने दोन फेरे फिरवले आणि मगच किल्ली लावली. मीटरवर बॅटरीला १४.२ व्होल्ट मिळत होते. त्यानंतर पारा ४५ अंशांवर गेलेल्या दिवसांतही एसी लावून अमळनेर आणि धुळ्याच्या फेऱ्या झाल्या. आवाज आला नाही आणि पट्ट्याच्या दोन्ही कडा सारख्या आहेत.

पाचवा तारा राखून ठेवण्याचे कारण दुकानाच्या दर्शनी भागातच आहे. तिथे खिळ्यांना टांगलेल्या पट्ट्यांवर दुपारभर ऊन येते, आणि रबराला ते मानवत नाही. मला पट्टा आतल्या खोक्यातून मिळाला, पण तो मी मागून घेतला होता. बिलही मागितल्यावरच मिळाले. जाणाऱ्यांनी जुना पट्टा सोबत न्यावा, बाहेर टांगलेला घेऊ नये, आणि काका काउंटरवर असतील अशी वेळ पाहून जावे. ते दुपारी जेवायला जातात तेव्हा बसणारा मुलगा फक्त क्रमांक विचारून पट्टा हातात देतो.