एचेवेरिया उर्फ ‘नवघरे’: मुंबईच्या बॉक्स ग्रीलमध्ये टिकतं का?

नर्सरीत ‘मिक्स सक्युलंट’ (पानांत पाणी साठवणारी रोपं) अशा पाटीखाली तीन इंची काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या मांडलेल्या असतात. त्यातलं जे गुलाबाच्या फुलासारखं, निळसर-राखाडी, जाड पानांचं रोप आधी डोळ्यांत भरतं ते बहुतेक वेळा एचेवेरिया असतं. साध्या जातीचं रोप शंभर-दोनशे रुपयांच्या घरात मिळतं. काचेच्या वाडग्यात पांढरे गोटे घालून दिलं की त्याच रोपाचे तिप्पट पैसे होतात. हे परीक्षण कुठल्या एका दुकानाचं नाही, रोपाचं आहे, कारण विकताना होणाऱ्या चुका सगळीकडे त्याच आहेत. गुण द्यायचे तर रूपाला 5 पैकी 5, मुंबईचा पावसाळा काढण्याला 2, आणि ज्या मातीत ते विकलं जातं तिला शून्य.

आधी नाव, कारण विक्रेते त्याचे दहा उच्चार करतात. उत्तर स्पेनमधल्या बास्क भाषेत ‘एचे’ म्हणजे घर आणि ‘बेरी’ म्हणजे नवं. ‘एचेवेरिया’ हे त्यातूनच आलेलं आडनाव, म्हणजे थेट आपले नवघरे. आपल्याकडे मुलुंड-भाईंदरला नवघर आहे आणि आडनाव नवघरे आहे, तसंच तिकडे गावांचं आणि माणसांचं नाव एकच. मेक्सिकोचे 1970 ते 1976 या काळातले राष्ट्राध्यक्ष लुइस एचेवेरिया याच आडनावाचे. अर्जेंटिनाचे लेखक एस्तेबान एचेवेरिया यांच्या नावाचा तर ब्युनोस आयर्सजवळ एक अख्खा तालुका आहे. धोबी तलावाच्या सेंट झेवियर्स कॉलेजातलं ‘झेवियर’सुद्धा याच मुळाचं: फ्रान्सिस झेवियर 1506 साली आजच्या स्पेनमधल्या नवार प्रांतातल्या हाविएर गढीत जन्मले, आणि त्या गावाचं नाव बास्क ‘नव्या घरा’वरूनच आलेलं. रोपाला हे नाव मिळालं ते अतानासिओ एचेवेरिया या मेक्सिकन चित्रकारामुळे. अठराव्या शतकाच्या शेवटी न्यू स्पेनच्या (म्हणजे स्पॅनिश अमलाखालच्या मेक्सिकोच्या) शाही वनस्पती मोहिमेत त्यांनी झाडांची चित्रं काढली, आणि 1828 मध्ये जिनिव्हाचे वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांनी ही प्रजाती त्यांच्या नावाने नोंदवली. आडनावात ‘र’ दोनदा येतो, रोपाच्या नावात एकदाच. रोमन लिपीत ऑनलाइन शोधताना हे लक्षात ठेवा, नाहीतर रोपाऐवजी राष्ट्राध्यक्ष हाती लागतात.

आता मुद्द्याचं. या प्रजातीतल्या बहुतेक जाती मेक्सिकोच्या डोंगराळ, उंच भागातल्या. तिथे दिवसा कडक ऊन आणि रात्री गारवा. हे रोप पानांवरची रंध्रं दिवसा मिटून घेतं आणि रात्री उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड साठवतं. म्हणजे त्याची खरी कमाई रात्रीची. मुंबईत मे महिन्याच्या रात्री पारा 27 च्या आसपास अडलेला, हवा दमट. कमाई घटते, श्वसनाचा खर्च वाढतो, आणि वर मुळाशी ओल असेल तर महिन्याभरात खेळ आटोपतो. ‘ऊन कमी पडलं असेल’ असं समजून लोक कुंडी सरकवत बसतात. दुखणं बहुतेकदा रात्रीचं आणि मातीतलं असतं.

म्हणून पहिला नियम खरेदीच्या महिन्याचा. नोव्हेंबर ते जानेवारीत घ्या. तेव्हा रोपाला मुळं धरायला चार-पाच महिने मिळतात. राणीच्या बागेतलं महापालिकेचं फुलांचं प्रदर्शनही याच थंडीच्या सुमारास भरतं, तेव्हा शहरात माल चांगला असतो. जूनमध्ये घेतलेलं रोप म्हणजे दीडशे रुपयांचं भाडं भरून दोन महिने घरी ठेवलेला पाहुणा.

दुकानात रोप वरून पाहू नका, कुंडी उलटी करून खालच्या भोकांतून पाहा. तिथे कापसासारखं पांढरं काही दिसलं तर ते मुळांवरचे पिठ्या ढेकूण. ती कुंडी परत ठेवा आणि तिच्या शेजारचीही घेऊ नका. मग रोपाचा बुंधा दोन बोटांत धरून हलकेच हलवा. डुगडुगलं तर मुळं गेलेली आहेत. खालची पानं कागदासारखी वाळलेली असतील तर ते म्हातारपण, त्यात काही बिघडत नाही. पण खालचं पान पिवळट, पारदर्शक, पाणी भरल्यासारखं दिसत असेल आणि बोट लागताच गळत असेल, तर आत कूज सुरू झाली आहे. भडक निळी, जांभळी, चमकी लावलेली रोपं रंग फवारलेली असतात. रंगाखाली पानाला उजेड मिळत नाही. गोटे डिंकाने चिकटवलेली कुंडी तर अजिबात नको, पाणी कुठे गेलं ते कळतच नाही. पानांवरची राखेसारखी पांढरी पूड ही धूळ नव्हे. ते रोपाचं मेण आहे. बोट लागलं की पुसलं जातं आणि त्या पानावर पुन्हा येत नाही. ‘चमक यावी’ म्हणून तेल पुसून देणारा विक्रेता नकळत रोपाचं कातडंच सोलून देत असतो.

जातींबद्दल स्पष्ट मत. मुंबईसाठी सगळ्यात भरवशाचं म्हणजे अगावॉइडिस: जाड, टोकदार पानं, कडा लाल, ‘लिपस्टिक’ नावाने विकतात. त्याच्या जोडीला ग्राप्टोव्हेरिया, म्हणजे एचेवेरिया आणि ग्राप्टोपेटालम यांचा संकर. ‘फ्रेड आइव्ह्ज’ आणि ‘ओपलिना’ हे दोन तर नवशिक्यांनी डोळे झाकून घ्यावेत. ‘पर्ल फॉन न्युर्नबर्ग’ हा जर्मनीतला जुना संकर सुंदर आहे, पण पावसाळ्यात त्याचा गुलाबी रंग उतरून तो राखी-हिरवा होतो. लाउई आणि लिलासिना या पूडदार जाती इथे नकोच. पल्विनाटा, सेटोसा या लवदार पानांच्या जातीही नकोत. लवेत पाणी अडकतं आणि बुरशी येते. ऑनलाइन मागवलेल्या रोपांवर ‘फोटोत लाल होतं, आलं हिरवं’ ही तक्रार सर्रास दिसते. फोटो डोंगरावरच्या थंडीतला असतो. तो रंग भरपूर उजेड आणि गार रात्र यांनी येतो, त्यामुळे पुढच्या डिसेंबरात थोडा परतही येईल.

घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात कुंडी बदला. इथेच बहुतेकांचं चुकतं, कारण नर्सरीतलं रोप जवळजवळ शुद्ध कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असतं. वाहतुकीला ते हलकं पडतं, पण दमट हवेत त्याचा गाभा आठ-दहा दिवस ओला राहतो आणि वरचा थर मात्र कोरडा दिसतो. तुम्ही कोरडा थर पाहून पाणी घालता, मुळं गुदमरतात. उलट एकदा पूर्ण वाळलं की ते पाणी शोषतच नाही. पाणी कडेने वाहून जातं. रोप काढा, कोकोपीट बोटांनी कुस्करून झाडा. कधीकधी मुळांभोवती जाळीची छोटी पिशवी निघते, ती कात्रीने कापा. काळी, मऊ मुळं छाटा, पांढरी ठेवा. मग रोप तसंच उघड्या मुळांनी दोन-तीन दिवस सावलीत, वारा लागेल असं ठेवा. जखमा सुकल्याशिवाय मातीत घातलं तर तिथूनच कूज चढते.

मिश्रण असं: 3 भाग परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) किंवा 3 ते 5 मिलिमीटरचे चाळलेले विटांचे तुकडे, 1 भाग बागेची माती, 1 भाग गांडूळखत. विटा वापरल्या तर भुकटी चाळून टाकून द्या. तीच भुकटी खाली बसून भोकं बुजवते. कुंडी मातीची, रोपाच्या घेरापेक्षा फार तर एक इंच मोठी. मोठ्या कुंडीत रोप ‘छान वाढेल’ असं वाटतं, प्रत्यक्षात न वापरलेली ओल साचते. कोरड्या मिश्रणात लावा आणि पहिलं पाणी चार-पाच दिवसांनी.

पूर्वेच्या खिडकीतलं चार-पाच तासांचं सकाळचं ऊन सर्वोत्तम. पश्चिमेची खिडकी असेल तर मार्चपासून दुपारी हिरवी जाळी लावा. उजेड कमी पडला की पानांमधली अंतरं वाढतात आणि गुलाबाचा खांब होतो. तो परत आखूड होत नाही, डोकं कापून नव्याने लावावं लागतं. खिडकीबाहेरच्या ग्रीलमध्ये कबुतरं येत असतील तर वरूनही जाळी हवी. ती पानांवरून चालून पूड घालवतात.

पाऊस सुरू झाला की कुंडी ग्रीलच्या छपराखाली नव्हे, खिडकीच्या आत घ्या. मुंबईचा पाऊस आडवा येतो. जून ते सप्टेंबर तीन इंची कुंडीला 15 ते 20 दिवसांतून एकदा 40-50 मिलिलिटर पाणी पुरतं, तेही पानं हाताला मऊ लागली तरच. मधल्या खळग्यात पाणी साचू देऊ नका, साचलं तर टिश्यूच्या टोकाने टिपा. घरातल्या पंख्याचा वारा या चार महिन्यांत खतापेक्षा जास्त उपयोगी. खत तर अजिबातच नको. पिठ्या ढेकूण दिसले तर 70 टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये कापसाचा बोळा बुडवून नेमके तेवढेच टिपा. कडुनिंबाचं तेल फवारलं तर किडीबरोबर पूडही जाते.

कूज लागलीच तर वाट पाहू नका. स्वच्छ पात्याने खोड आडवं कापा, आत तपकिरी ठिपका असेल तर आणखी वर कापा, फिकट हिरवं स्वच्छ वर्तुळ दिसेपर्यंत. मग ते डोकं चार ते सात दिवस कोरड्या जागी ठेवून नव्या मिश्रणावर नुसतं टेकवा. फुलाचा दांडा आला म्हणून घाबरू नका, फुलल्यावर हे रोप मरत नाही. दांडा मात्र पिठ्या ढेकणांना फार आवडतो. रोप अशक्त असेल तर कापा.

पानापासून रोप करायचं असेल तर हे आपल्या पानफुटीच्याच कुळातलं आहे, पण तऱ्हा वेगळी. पानफुटीला कडेच्या खाचांतून कोंब फुटतात, कुठलंही पान फेका, उगवतं. एचेवेरियाचा कोंब पानाच्या अगदी देठाकडच्या टोकाला येतो, म्हणून पान डावी-उजवीकडे हलवत देठाच्या टोकासकट सोडवावं लागतं. टोक खोडावर तुटून राहिलं तर ते पान नुसतं वाळतं. सुटलेली पानं थाळीत सावलीत पसरून ठेवा, पाणी नको. ऑक्टोबरअखेर ठेवली तर दोन-तीन आठवड्यांत गुलाबी दोऱ्यासारखी मुळं दिसतात.