‘ट्वायलाइट’ की ‘अ डिस्कव्हरी ऑफ विचेस’?

रीडिंग चॅलेंजमधला (ठरलेल्या प्रकारांची पुस्तकं वाचून यादी पूर्ण करण्याच्या उपक्रमातला) पॅरानॉर्मल रोमान्सचा, म्हणजे अलौकिक पात्रांच्या प्रेमकथेचा रकाना झटपट भरायचा असेल, तर स्टेफनी मायरची ‘ट्वायलाइट’ (२००५) घ्या. फोर्क्स या पावसाळी गावातली शाळकरी बेला आणि व्हॅम्पायर एडवर्ड. पानं भराभर उलटतात.

माझी पसंती मात्र डेबोरा हार्कनेसच्या ‘अ डिस्कव्हरी ऑफ विचेस’ला (२०११). लेखिका स्वतः विज्ञानाच्या इतिहासाची अभ्यासक. त्यामुळे ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात चेटकीण असलेली नायिका डायना ‘अ‍ॅशमोल ७८२’ हे मंतरलेलं हस्तलिखित मागवते, तेव्हा तिथली शांतताही खरी वाटते. तिचा व्हॅम्पायर प्रियकर मॅथ्यूही एडवर्डसारखाच जपण्याचा अतिरेक करतो, पण डायना त्याला जाब विचारते, आणि तेच मला फार आवडतं. मधला भाग रेंगाळतो खरा. तरी नेटाने वाचा. पुढच्या पुस्तकात कथा थेट १५९०च्या लंडनला पोहोचते.